व्हिनलँड सागा: पहिला सीझन पाहून झाल्यावर मांगा कुठून वाचावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘व्हिनलँड सागा’ या ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकेचा, पहिला सीझन आपण नुकताच पाहून संपवला असून पुढची गोष्ट वाचायची आहे. एक मित्र म्हणतो की ॲनिमेने मूळ मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथेचा, क्रमच बदललेला असल्यामुळे पहिल्यापासून वाचावे. दुसरा म्हणतो की थेट नववा खंड घ्यावा, कारण आधीचे आठ खंड म्हणजे पाहिलेलेच पुन्हा वाचणे. पुस्तके स्वस्त नाहीत, म्हणून निर्णय आधी व्हायला हवा. जाता जाता आपण असेही विचारले आहे की हा सीझन मूळ कृतीशी प्रामाणिक आहे का.

खंडाचा क्रमांक सांगून हे उत्तर दोन ओळींत संपले असते, परंतु त्याने आपल्या मित्रांमधला वाद मिटला नसता. एकच गोष्ट दोन वेगळ्या क्रमांनी सांगितली तर ती एकच गोष्ट राहते का, हा त्या वादाचा गाभा आहे. राहत असेल तर आठ खंडांचे पैसे वाचवावेत. राहत नसेल तर आपण अजून न पाहिलेले काहीतरी त्या खंडांत आहे. माझे मत ‘राहत नाही’ या बाजूला झुकते, पण आठही खंडांच्या बाबतीत सारखे झुकत नाही, आणि त्याचे कारण सांगण्यासाठीच हे लांबलचक उत्तर लिहीत आहे.

मी अठरा वर्षे स्टोरीबोर्डचे काम करते. कागदावरची गोष्ट पडद्यावर कोणत्या क्रमाने, किती अंतरावरून आणि किती सेकंद दिसेल हे ठरवणे हा माझा रोजचा उद्योग आहे. जपानी पुण्यात शिकले ती मुळात हौसेने. मांगा मूळ भाषेत अडखळत का होईना वाचता येते, एवढाच तिचा आजवर उपयोग झाला आहे. तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते समीक्षकाचे नसून हे काम हाताने करणाऱ्या माणसाचे मत आहे, असे समजून वाचावे. ज्यांनी पहिला सीझन पाहिलेला नाही त्यांनी मात्र इथेच थांबावे, कारण त्यातील मृत्यूंचा उल्लेख टाळून हे उत्तर देता येत नाही. त्यापुढच्या कथेबद्दल मी काहीही उघड करणार नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. माकोतो युकिमुरा यांची ही मांगा २००५ च्या एप्रिलमध्ये ‘वीकली शोनेन मॅगझीन’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ‘मंथली आफ्टरनून’ या मासिकात गेली, कारण इतक्या बारीक कामाच्या चित्रांना साप्ताहिकाचा वेग झेपण्यासारखा नव्हता. ॲनिमेचा पहिला सीझन विट स्टुडिओने केला, दिग्दर्शन शुहेई याबुता यांचे आणि मालिकेची एकूण रचना हिरोशी सेको यांची. तो २०१९ च्या जुलै ते डिसेंबर या काळात जपानच्या एनएचके वाहिनीवर २४ भागांत दाखवला गेला. या २४ भागांत मांगाची पहिली ५४ प्रकरणे येतात, म्हणजे सरासरी भागामागे सव्वादोन प्रकरणे. शेवटच्या भागाचे नाव ‘प्रस्तावनेची अखेर’ असे आहे आणि ती थट्टा नव्हे: आठ खंडांएवढा मजकूर लेखकाच्या लेखी खरोखरच प्रस्तावना आहे.

आता क्रम. मांगा उघडते ती फ्रँकांच्या मुलखात, एका सरोवराकाठच्या किल्ल्याच्या वेढ्यात. आस्केलाड या सरदाराची व्हायकिंग टोळी आपली लांब जहाजे खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडते, किल्ल्यातला खजिना दोन्ही पक्षांच्या नाकावर टिच्चून पळवते, आणि या सगळ्या गोंधळात दोन सुरे घेतलेला एक पोरगेलासा योद्धा शत्रूच्या सेनापतीचे मुंडके आणून बक्षीस मागतो. बक्षीस काय, तर आपल्याच सरदाराशी द्वंद्व. हा मुलगा कोण, ज्याला ठार मारायचे त्याच्याच हाताखाली तो का राबतो, याचे उत्तर वाचकाला लगेच मिळत नाही. त्यानंतर गोष्ट मागे वळते आणि आइसलँड, या मुलाचा बाप थॉर्स आणि लहानपणचा तो स्वतः, म्हणजे थॉरफिन, आपल्यासमोर येतात. ॲनिमेने हे सरळ कालानुक्रमे लावून घेतले. पहिल्या भागात थॉर्सची समुद्रावरची लढाई आणि आइसलँडमधले गाव, चौथ्या भागात थॉर्सचा मृत्यू, आणि मांगाच्या ज्या पहिल्या प्रकरणाने वाचकाला आत ओढले ते थेट सातव्या भागात.

आपण सातवा भाग पाहिलात तेव्हा तो किल्ला आणि ती खांद्यावरची जहाजे पाहून मजा वाटली असेल, पण त्यात कोडे नव्हते. थॉरफिन सेनापतीचे मुंडके का आणतो हे आपल्याला पुरते ठाऊक होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या बापाने त्याला काय शिकवले होते हेही ठाऊक होते. कोणालाच शत्रू नसतो आणि दुखवायला हरकत नाही असा माणूस जगात कुठेही नसतो, हे थॉर्सने त्या पोराला हातात सुरा पाहून सांगितले होते. ते ऐकलेल्या प्रेक्षकाला सातव्या भागातला थॉरफिन म्हणजे वारसा उधळणारा मुलगा दिसतो. मांगाच्या वाचकाला त्याच जागी दिसतो तो एक तडफदार, चिडका, थोडासा हेवा वाटावा असा लढवय्या. त्या हेव्याची लाज वाटण्याची वेळ पुढे, थॉर्सला भेटल्यावर येते. प्रसंग तेच असूनही प्रेक्षक पहिल्यापासून हळहळतो, आणि वाचक आधी टाळ्या वाजवतो व मग त्याला त्या वाजवल्याची बोच लागते.

असे का केले असेल याचा माझा अंदाज सांगते; तो अंदाजच आहे. किशोरांच्या साप्ताहिकात नव्या मांगाला पहिल्याच प्रकरणात वाचकाची मानगूट पकडावी लागते. शेजारच्या पानांवर मुरलेल्या लोकप्रिय मालिका चालू असताना आइसलँडच्या बर्फात एक शांत बाप आणि त्याचे कुटुंब दाखवून सुरुवात करणे म्हणजे धोका पत्करणे होते. ॲनिमेला ही सक्ती नव्हती. मांगा तोवर नावारूपाला आलेली होती, २४ भाग हाताशी होते, आणि पहिले तीन भाग एकाच रात्री सलग दाखवले गेले, त्यामुळे संथ सुरुवात करूनही प्रेक्षकाला पहिल्याच बैठकीत गोष्टीत मुरायला तासाभराहून अधिक वेळ मिळाला. शिवाय टीव्हीवर पूर्वकथा लांबली की त्रास होतो. मांगाचा वाचक चार पाने मागे जाऊन ‘आपण कुठे होतो’ हे पाहू शकतो. दर आठवड्याला एक भाग पाहणारा महिनाभर भूतकाळात राहिला तर वर्तमानातली टोळी विसरून जातो.

इथे माझ्या कामातला एक फजितीचा प्रसंग सांगते, कारण ‘प्रामाणिक’ या शब्दाबद्दलचे माझे मत त्यातूनच बनले. फार पूर्वी लहान मुलांच्या एका चित्रकथेवरून केलेल्या मालिकेचा स्टोरीबोर्ड माझ्याकडे होता. एका पानावर चार चौकटी होत्या: मुलगा आंब्याच्या झाडावर चढतो, फांदी कडाडते, मुलगा खाली येतो, आणि शेवटच्या चौकटीत ओसरीवर बसलेली आजी चष्म्यावरून पाहते आहे. मूळ कृतीला धक्का लावायचा नाही या निष्ठेने मी चार चौकटींचे चार शॉट केले, प्रत्येकी तीनेक सेकंदांचे. कच्ची फीत सगळ्यांसमोर चालवली तेव्हा खोलीत कोणी हसले नाही. दिग्दर्शकांनी ते पान हातात धरून मला विचारले की, पान उघडताच तुमची नजर आधी कुठे जाते. ती आजीकडे जात होती. कागदावर चारही चौकटी एकाच वेळी डोळ्यांसमोर असतात, म्हणून वाचक पोरगा पडण्याआधीच आजीला पाहून बसलेला असतो आणि सारा विनोद तिथे असतो. पडद्यावर मात्र एका वेळी एकच चौकट दिसते. मी आजीला पहिल्या शॉटमध्ये आणले, क्रम मोडला, आणि तेच पान हसवू लागले. तेव्हापासून चौकट जशीच्या तशी उतरवणे यालाच प्रामाणिकपणा मानायचे मी सोडून दिले.

या मापाने पाहता, पहिल्या सीझनने क्रम मोडून मूळ कृतीचा एक परिणाम गमावला आणि दुसरा वाढवला. वाढवलेला परिणाम पाचव्या आणि सहाव्या भागात सर्वांत स्पष्ट दिसतो. थॉर्सच्या मृत्यूनंतर तो लहान मुलगा बापाच्या मारेकऱ्याच्या, म्हणजे आस्केलाडच्या, मागे कसा राहिला, कसा जगला, सुरा चालवायला कसा शिकला, याला मांगाने तुलनेने थोडी जागा दिली आहे. कारण तिथे वाचकाने मोठा झालेला थॉरफिन आधीच पाहिलेला असतो आणि मधला काळ कल्पनेने भरता येतो. ॲनिमेला ती सोय उरली नाही. क्रम सरळ केल्यामुळे मधली वर्षे उघडी पडली आणि ती भरावी लागली, म्हणून रानात एकटा फिरणारा, उपाशी, हातातल्या सुऱ्याशी झुंजणारा पोर आपल्याला इतका वेळ दिसत राहतो. क्रमाचा एक धागा ओढला की दुसरीकडे कापड उसवते आणि तिथे नवे शिवणकाम करावे लागते; ते इथे नीट केले आहे असे माझे मत आहे.

मांगाच्या आणि ॲनिमेच्या जमेच्या बाजूंविषयी लिहायचे तर पुस्तक होईल, म्हणून एकेकच सांगते. ॲनिमेची बाजू म्हणजे आस्केलाड. नाओया उचिदा यांनी त्याला दिलेला आवाज थकलेला, मिस्कील आणि कधीही न चढणारा आहे, आणि धमकी देतानाही जो माणूस आवाज चढवत नाही त्याची भीती कागदावर उतरवणे कठीण असते. बाविसाव्या भागात तो थॉरफिनला स्वतःच्याच बापाला मारल्याची हकीकत सांगतो तेव्हा चित्रांत फारशी हालचाल नाही, सगळा भार त्या आवाजाने पेललेला आहे. कमी पैशांत आणि कमी दिवसांत भाग पूर्ण करण्याचा हा जुना मार्ग आहे, पण इथे तो काटकसरीचा वाटत नाही.

मांगाची बाजू म्हणजे रेघ. युकिमुरा चेहऱ्यावर, लोकरीवर, लाकडावर, ढगांवर बारीक रेघांची जाळी विणतात, आणि ही जाळी ॲनिमेत येणे शक्यच नाही. एका सेकंदात २४ फ्रेम असतात; प्रत्येक चित्र दोन किंवा तीन फ्रेम धरून ठेवले तरी सेकंदाला आठ ते बारा चित्रे लागतात, आणि अंगरख्यावरच्या दोनशे रेघा आठ वेळा सारख्या काढणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणून पात्रांचे रेखाटन करताना रेघा कमी कराव्याच लागतात. समुद्र आणि जहाजे यांसाठी संगणकावरच्या त्रिमितीचा आधार घेतला गेला. याबुता ‘अटॅक ऑन टायटन’ या ॲनिमेवर त्रिमितीचेच काम करत होते, त्यामुळे तिथे हात सफाईदार आहे. परंतु चेहऱ्यांची गोष्ट वेगळी. राजपुत्र कनूट पहिल्यांदा बोलू लागतो तोवरचा त्याचा चेहरा आणि नंतरचा चेहरा यांत मांगाने जो फरक केला आहे तो जवळजवळ निव्वळ डोळ्यांभोवतीच्या रेघांतून आहे. ॲनिमेत तो फरक प्रकाश, रंग आणि संगीत मिळून करतात. दोन्ही चांगले आहे, पण मांगात तो आपल्याला स्वतः शोधावा लागतो, आणि शोधायला आपण हवा तितका वेळ घेऊ शकतो.

चौदावा भाग वेगळ्या कारणासाठी सांगण्यासारखा आहे, कारण तिथे दोन्ही माध्यमे जवळजवळ एकमेकांना भिडतात. बर्फातले इंग्रज खेडे, ॲन नावाची मुलगी, तिने लपवून ठेवलेली अंगठी. ती अंगठी पाहायला ती रात्री घराबाहेर पडते आणि तेवढ्यामुळे वाचते, बाकी सारे गाव आस्केलाडच्या माणसांच्या हातून मारले जाते. आपण इतके भाग ज्यांच्यासोबत हिंडलो, हसलो, त्यांनाच त्या मुलीच्या डोळ्यांनी पाहावे लागते. हा प्रसंग दोन्हीकडे सारखाच हादरवतो, आणि याला कारण असे की त्याचा परिणाम क्रमावर अवलंबून नाही. वाचक असो वा प्रेक्षक, तिथे पोहोचेपर्यंत दोघांचीही त्या टोळीशी पुरेशी ओळख झालेली असते.

प्रामाणिकपणाचा मुद्दा इथेच संपवते, फक्त एक गोष्ट जोडून. मांगा स्वतः कशाशी प्रामाणिक आहे? थॉरफिन कार्ल्सेफ्नी हे नाव ग्रीनलँड आणि व्हिनलँडच्या जुन्या आइसलँडी सागांत, म्हणजे गद्य वीरकथांत, येते, कनूट पुढे इंग्लंडचा राजा झाला हा इतिहास आहे, आणि त्याचा बाप स्वेन फोर्कबिअर्ड १०१४ च्या फेब्रुवारीत गेन्सबरो येथे मरण पावला. मांगात तो यॉर्कमध्ये, भर दरबारात, आस्केलाडच्या तलवारीने मरतो. लेखकाने इतिहासाचे जे केले तेच दिग्दर्शकाने लेखकाचे केले आहे: हाडे ठेवली, सांधे हलवले. जो वाचक पहिल्याला कल्पकता म्हणतो त्याने दुसऱ्याला विश्वासघात म्हणू नये असे मला वाटते.

आता आपल्या खिशाचा प्रश्न. उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे हे खरे, पण मी ते तसेच सोडून देत नाही. पैसे आणि वेळ दोन्ही बेताचे असतील तर पहिले दोन खंड घ्यावेत आणि मधले सोडून आठव्यावर यावे. क्रमाचा सारा फेरफार सुरुवातीलाच आहे. किल्ल्याच्या वेढ्यापासून थॉर्सच्या मृत्यूपर्यंतचा प्रवास वाचलात की ‘दुसरी गोष्ट’ आपल्या हाती आली. त्यानंतर लंडन ब्रिज, कनूटचा पाठलाग, थॉर्केल हा योद्धा, यॉर्क हा भाग दोन्हीकडे बराचसा समांतर चालतो. आपण स्वतः चित्रे काढत असाल, किंवा तसा विचार असेल, तर आठही खंड घ्यावेत आणि घाई करू नये. एक प्रकरण वाचून मग तो भाग पुन्हा पाहावा आणि कोणती चौकट वगळली, कोणती ताणली याची वहीत नोंद करावी. मी शिकाऊ मुलांना हेच करायला लावते आणि पहिल्या आठवड्यात सगळे कंटाळतात. आणि आपल्याला फक्त पुढे काय होते एवढेच हवे असेल, तर तेही काही पाप नाही: २०२३ चा दुसरा सीझन पाहावा. तो मापा या वेगळ्या स्टुडिओने केला असला तरी दिग्दर्शक, रचनाकार आणि पात्र-रेखाटनकार तेच आहेत.

सुरुवात करताना एक काळजी घ्यावी. सीझनमधले आवाज आणि वेग आपल्या कानात ताजे आहेत, त्यामुळे पहिला खंड हातात घेताच आपण तो ॲनिमेच्या गतीने पळवाल आणि ‘हे तर पाहिले आहे’ म्हणून पाने उलटाल. महिनाभर मध्ये जाऊ द्यावा. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची आहेत, ती सवय लागेपर्यंत वेग आपोआप कमी होतो, ते एका परीने बरेच. नावांच्या उच्चारांनी गोंधळू नये. जपानीत आस्केलाडचा ‘आशेराद्दो’ होतो, आणि इंग्रजी आवृत्ती वाचताना माझ्या मनात अजूनही तोच उच्चार उमटतो.

राहता राहिला आपल्या दुसऱ्या मित्राचा नववा खंड. सीझन संपतो तो ५४ व्या प्रकरणावर, आणि ते प्रकरण आठव्या खंडाच्या मध्याच्या थोडे पुढे आहे, शेवटी नव्हे. पुढच्या कथेची सुरुवात, ज्यात एक अगदी नवा माणूस येतो आणि त्याला नीट भेटणे आवश्यक आहे, त्याच आठव्या खंडाच्या उरलेल्या पानांत आहे. नववा खंड आणलात तर आपण त्याची ओळख चुकवाल. इंग्रजीतल्या कठीण बांधणीच्या आवृत्तीत दोन जपानी खंडांचे एक पुस्तक केलेले आहे, म्हणजे तिथे आपल्याला चौथे पुस्तक लागेल, पाचवे नव्हे. बांधणी आवृत्तीनुसार बदलते, म्हणून दुकानात खंड न मागता अनुक्रमणिका उघडून ५५ वे प्रकरण कुठे आहे ते पाहावे आणि तेच पुस्तक उचलावे.